पाणी दारात येण्याआधी



पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की आपण नाशिककर एकमेकांना हमखास एक प्रश्न विचारतो : "दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलं?" गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला अशी ही मोजपट्टी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. पुलावर उभे राहून पूर पाहण्याची हौसही तितकीच जुनी आहे. मात्र आपल्या घरात पाणी शिरणार असे दिसले तर कोणी काय उचलायचे, आजीला कोणी न्यायचे, कोणाकडे जायचे, हे आधीच ठरवलेली घरे किती निघतील?

गोदावरीचा मोठा पूर सहसा न सांगता येत नाही. तो येण्याआधी काही तास हातात मिळतात. हे तास "जाऊ की थांबू" या चर्चेत निघून जातात आणि नुकसान होते. म्हणून आजचा पाठ एवढाच आहे : निर्णय कोरड्या दिवशी घ्यावा, पुराच्या दिवशी फक्त तो अमलात आणावा.

आपल्याकडे पूर कसा येतो?

सप्टेंबर १९६९ च्या महापुराच्या आठवणी जुनी माणसे अजून सांगतात. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ चे पूर आपल्यापैकी अनेकांनी स्वतः पाहिले आहेत. सराफ बाजार, भांडी बाजार, गोदाघाटाची दुकाने पाण्यात गेली. खाली निफाड तालुक्यात सायखेडा आणि चांदोरी या गावांनाही पाण्याने वेढले.

हे पूर ऑगस्ट-सप्टेंबरचेच का? धरण रिकामे असते तोवर ते पाऊस आपल्या पोटात घेते. एकदा भरत आले की वरून जितके पाणी येईल तितके पुढे सोडावे लागते. गंगापूर हे मातीचे धरण आहे. मातीच्या धरणावरून पाणी वाहू देता येत नाही, त्यामुळे दरवाजे उघडण्यावाचून गत्यंतर नसते. धरण भरल्यानंतर त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात जोराचा पाऊस झाला की आपण सावध व्हायला हवे.

बातम्यांत "क्युसेक" हा शब्द येतो. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. १०,००० क्युसेक विसर्ग म्हणजे आपल्या गल्लीत येतात तसे १०,००० लिटरचे २८ टँकर दर सेकंदाला नदीत रिकामे होणे. धरणाच्या आकड्यात शहरात पडलेला पाऊस आणि नाल्यांचे पाणी धरलेले नसते. ते मिळून किती झाले हे होळकर पुलापाशी कळते. म्हणून बातमी ऐकताना दोन्ही आकडे ऐकावेत आणि ते वाढत आहेत की उतरत आहेत हे पाहावे.

नासर्डी आणि वाघाडीच्या काठी राहणाऱ्यांनी मात्र धरणाच्या बातमीची वाट पाहू नये. या लहान नद्या शहरावर पडलेल्या पावसाने थोड्याच वेळात फुगतात. तेथे आभाळ हीच सूचना समजावी.

पाटबंधारे खात्याने नदीकाठी पूररेषा आखल्या आहेत. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. "२५ वर्षांतून एकदा" याचा अर्थ एकदा येऊन गेला की २५ वर्षे निश्चिंत, असा नाही. दर वर्षी १०० पैकी ४ वेळा तशी शक्यता असते, असा त्याचा अर्थ आहे. आपले घर किंवा दुकान या रेषांच्या आत येते का, याची चौकशी महापालिकेत करावी. भाड्याचे घर घेतानाही हे विचारावे.

घरातला निर्णय

रविवारी जेवणानंतर सगळ्यांनी अर्धा तास बसून पुढील गोष्टी ठरवाव्यात आणि वहीच्या पानावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवाव्यात.

१. निघण्याची खूण. "पाणी वाढले तर बघू" हा निर्णय नव्हे. "पाणी अमुक दुकानाच्या पायरीला लागले की निघायचे" हा निर्णय. खूण अशी निवडावी की ती दिसेल तेव्हा आपला रस्ता कोरडाच असेल. संध्याकाळी पाणी वाढत असेल तर खुणेची वाट न पाहता उजेडात निघावे.

२. कोणाकडे जायचे. उंचावर राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला किंवा स्नेह्याला आजच विचारून ठेवावे. एक मार्ग बंद झाला तर दुसरा कोणता, तेही ठरवावे. दुसरा मार्ग पुलावरून किंवा नाल्यावरून जाणारा नसावा.

३. कोण कोणाला सांभाळणार. म्हातारी माणसे, आजारी, गरोदर बाई, तान्हे बाळ या प्रत्येकासोबत एकेका माणसाचे नाव लिहावे. "सगळे मिळून बघू" म्हटले की कोणीच बघत नाही.

४. ताटातूट झाली तर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. फोन लागेनात, आणि मुंबईतल्या असंख्य कुटुंबांना रात्रभर आपली माणसे कुठे आहेत हे कळले नाही. यासाठी बाहेरगावच्या एका नातेवाइकाचा नंबर सर्वांनी पाठ करावा. प्रत्येकाने त्याला कळवायचे आणि चौकशीही त्याच्याकडेच करायची. मुलांना सांगून ठेवावे की ठरलेले माणूस न्यायला येईपर्यंत शाळेतून हलायचे नाही.

लवकर निघण्याचे महत्त्व ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे फार मोठी किंमत देऊन कळले. गावाला चारी बाजूंनी पाण्याने वेढल्यावर बाहेर पडण्यासाठी लोक एकाच बोटीत दाटीने बसले. ती उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. रस्ता शिल्लक असताना निघालेल्या माणसाला बोटीची गरज पडत नाही.

एक पिशवी, एक डबा

जून उजाडण्याआधी एक पाठीवरची पिशवी भरून ठेवावी. तिच्यात टॉर्च व जादा सेल, मोबाइलची पॉवर बँक, शिट्टी, काडेपेटी व मेणबत्त्या प्लास्टिकमध्ये बांधून, सुटे पैसे, प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड, सॅनिटरी पॅड, बाळाचे दूध, शेंगदाणे, गूळ, चणे, बिस्किटे असे न शिजवता खाता येणारे पदार्थ असावेत. पिण्याचे पाणी माणशी दिवसाला तीन ते चार लिटर धरून तीन दिवसांचे भरलेले असावे. सगळे उचलून नेता येणार नाही. निदान दोन-दोन बाटल्या पिशवीत, बाकी माळ्यावर.

रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट यांची आठवडाभराची औषधे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत विसरू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी थर्मासची सोय आधीच करावी. पुरात औषध चुकले तर तो आजार पुरापेक्षा घातक ठरतो.

कागदपत्रांसाठी घट्ट झाकणाचा डबा किंवा जाड प्लास्टिकची पिशवी घ्यावी. रेशनकार्ड, आधार, बँकेचे पासबुक, विम्याची पॉलिसी, घराचे कागद, सातबारा, मुलांचे शाळेचे दाखले हे सर्व एकत्र ठेवावे. प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढून तो बाहेरगावच्या नातेवाइकालाही पाठवावा. बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदी धर्मग्रामाच्या वहीत असतात. दाखला भिजला तर त्याची प्रत पुन्हा मिळते. त्यासाठी पाण्यात परत जाऊ नये.

निघताना आणि अडकल्यावर

पाणी उंबऱ्याशी येण्याआधी विजेचा मेन स्विच बंद करावा. हात ओले असतील किंवा पायाखाली पाणी असेल तर स्विचला हात लावू नये. इन्व्हर्टरची बॅटरी बहुतेक घरांत जमिनीवरच असते. पावसाळ्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून ती उंचावर घ्यावी. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावावी आणि तो खिडकीच्या गजाला बांधावा, कारण सिलिंडर पाण्यावर तरंगून वाहत जातो. गोठ्यातली जनावरे सोडून द्यावीत. दावणीला बांधलेले जनावर जागीच बुडते.

वाहत्या पाण्यात उतरू नये. अर्ध्या फुटाचे जोराचे पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलते, फूटभर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते आणि दोन फुटांत बहुतेक वाहने वाहून जातात. फरशी पूल पाण्याखाली असेल तर पूल जागेवर आहे की खचला आहे, हे वरून दिसत नाही. घरात अडकलात तर वरच्या मजल्यावर किंवा गच्चीवर जा आणि मदत मागा : ११२ हा सर्व तातडीच्या मदतीचा, १०१ अग्निशमन दलाचा, १०८ रुग्णवाहिकेचा आणि १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक आहे.

पाणी ओसरल्यावर

पुरातून वाचलेली माणसे पुरानंतरच्या रोगराईने दगावू शकतात. मुंबईत २००५ च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून हा रोग पायाच्या जखमांवाटे शरीरात शिरतो. चिखल काढताना गमबूट घालावेत, जखम झाकावी, आणि नंतर ताप व अंगदुखी आली तर डॉक्टरांना "मी पुराच्या पाण्यात होतो" हे आवर्जून सांगावे.

पाणी खळखळून उकळून प्यावे, किंवा क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात वापराव्यात. विहिरीत टीसीएल पावडर टाकल्याशिवाय ते पाणी पिऊ नये. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहावे आणि दवाखान्यात न्यावे. कपाटामागे, भांड्यांखाली साप असू शकतो, काठीने आवाज करून मगच हात घालावा. साप चावल्यास मंत्र-तंत्रात वेळ न घालवता सरकारी रुग्णालय गाठावे.

बुडालेली गाडी चालू करून पाहू नये. इंजिनात पाणी असेल तर ते कायमचे बिघडते. घर धुण्याआधी नुकसानीचे फोटो काढावेत आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा. विम्यासाठी आणि सरकारी मदतीसाठी तोच आधार असतो.

भूकंपाचे दोन शब्द

पूर सांगून येतो, भूकंप सांगत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला धक्का बसला तेव्हा माणसे झोपेत होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे अंगावर कोसळून हजारो दगावले. यासाठी तयारी आधीच करावी लागते : लोखंडी कपाट भिंतीला पक्के करावे, पलंगाच्या डोक्याशी जड वस्तू ठेवू नयेत, उशाशी टॉर्च व चप्पल असावी. धक्का बसताच मजबूत टेबलाखाली बसून डोके झाकावे. जिन्याकडे किंवा लिफ्टकडे धावू नये.

शेजारच्या दारापर्यंत

आपल्या धर्मग्रामात एकटी राहणारी वृद्ध माणसे आहेत, ज्यांची मुले परगावी आहेत. त्यांना बातमी उशिरा कळते आणि मदत मागायला संकोच वाटतो. ज्या घराने आपला कागद दाराला लावला, त्याने त्यावर शेजारच्या अशा एका माणसाचे नावही लिहावे. पूर आला तर "तुम्ही निघालात का?" असे फोनवर विचारू नका. दार वाजवा आणि त्यांना सोबत घेऊन निघा.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या घराची निघण्याची खूण कोणती? ती रात्री दिसेल का?
२. घरातील सर्वांत लहान मूल बाहेरगावचा नंबर न पाहता सांगू शकते का?
३. मेन स्विच कुठे आहे, हे आई-वडिलांखेरीज आणखी कोणाला ठाऊक आहे?
४. आपल्या कागदावर कोणत्या शेजाऱ्याचे नाव असेल? त्यांना हे या आठवड्यात कोण सांगणार?