सायकलवरचा गॉगल : स्वस्त घ्या, पण पारखून घ्या



गॉगल म्हटलं की आपल्याला लग्नातला नवरदेव आठवतो, नाहीतर जंजिरा बघायला आलेला मुंबईचा पाहुणा. वस्तीतला कुणी गॉगल लावून सायकलवर कामाला निघाला, तर चार जण विचारतात, ‘काय हिरो, कुठे निघालास?’ पण रोज उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात सायकल मारणाऱ्याला गॉगलची गरज पाहुण्यापेक्षा जास्त आहे. ती चैन नाही, पायातल्या चपलेसारखी गरजेची वस्तू आहे. कमी पैशांत चांगला गॉगल कसा ओळखायचा, तेवढंच आज शिकू.

उन्हाने डोळ्यांचं काय होतं?

उन्हात आपल्याला दिसणारा उजेड असतो, तसे न दिसणारे अतिनील किरणही असतात. ते वर्षानुवर्षे डोळ्यांत जात राहिले की मोतीबिंदू होण्याचा धोका वाढतो. मोतीबिंदूला वय, साखरेचा आजार, तंबाखू अशी इतर कारणंही आहेत, पण ऊन हे त्यातलं एक. दुसरा त्रास म्हणजे डोळ्यात नाकाच्या बाजूने वाढणारं गुलाबी-पांढरं मांस. ऊन, वारा आणि धूळ यांत काम करणाऱ्यांमध्ये ते जास्त दिसतं. वाढत वाढत ते बुबुळावर चढलं तर नजर अधू होते.

आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीच्या बोटीची वाट बघत उभे राहा. ऊन वरून लागतं आणि खाडीच्या पाण्यावरून उलटूनही डोळ्यांत येतं. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परत फेकते, तर समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के. पातळ ढगांतून तर हे किरण बरेचसे आरपार येतात. म्हणून ‘आज आभाळ आहे, गॉगल कशाला’ हे बरोबर नाही. सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात जास्त जपायला हवं.

काळी काच म्हणजे संरक्षण नव्हे

सगळ्यात मोठी फसगत इथे होते. काच काळी असली की दिसणारा उजेड कमी होतो आणि डोळ्यांना थंड वाटतं. पण अतिनील किरण अडवण्याचा गुण काचेच्या रंगात नसतो. तो काचेच्या मालात किंवा तिच्यावर दिलेल्या लेपात असतो. तो गुण नसलेली काळी काच जास्त वाईट. अंधारामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि मोठ्या झालेल्या बाहुलीतून जास्त किरण आत जाऊ शकतात. लहान मुलांना जत्रेत घेऊन दिलेले खेळण्यातले गॉगल म्हणूनच उन्हात लावू देऊ नयेत.

गॉगलवर किंवा चिठ्ठीवर ‘यूव्ही ४००’ असं लिहिलेलं बघा. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे सगळे अतिनील किरण ही काच अडवते, असा त्याचा अर्थ. पण चिठ्ठी कुणीही चिकटवू शकतो. मग पारखायचं कसं?

पहिला उपाय : चष्म्याच्या दुकानात काच तपासायचं छोटं यंत्र असतं. गॉगल नेऊन विनंती करा, मिनिटभराचं काम असतं.

दुसरा उपाय : दुकानदाराकडे नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो. त्याखाली नोट धरली की नंबराची जागा आणि बारीक धागे चमकतात. आता दिवा आणि नोट यांच्या मधे गॉगलची काच धरा आणि बाजूने नोटेकडे बघा. काचेतून बघायचं नाही. चमक गेली तर काच ते किरण अडवते. चमक तशीच राहिली तर तो गॉगल घेऊ नका. ही परीक्षा ढोबळ आहे, पण फुकट आहे. दिव्यात मात्र डोळे घालून बघू नका.

सायकलसाठी काय बघायचं?

१. काच फुटणारी नको. पडलो तर तुकडे डोळ्यांत जातील. पॉलीकार्बोनेट नावाचं मजबूत प्लॅस्टिक घ्या. ते मुळातच जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवतं.

२. गॉगल कडेने वळलेला हवा. आगरदांड्याहून मुरुडकडे परतताना संध्याकाळचं ऊन डावीकडून, समुद्राच्या अंगाने येतं. वाळू, धूळ आणि चिलटंही बाजूनेच घुसतात.

३. रंग राखाडी किंवा तपकिरी घ्या. फार गडद नको. नारळी-पोफळीच्या वाडीची सावली आली की गडद काचेतून खड्डा दिसत नाही. काडीवर ० ते ४ असा आकडा असेल तर २ किंवा ३ निवडा. ४ नंबर इतका काळा असतो की तो लावून कोणतंही वाहन चालवू नये.

४. ‘पोलराइज्ड’ काच पाण्यावरची चकाकी कमी करते, पण अतिनील किरणांचं संरक्षण ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी जास्त पैसे मोजलेच पाहिजेत असं नाही.

५. मान हलवून बघा, वाकून बघा. नाकावरून घसरणारा गॉगल सायकलवर धोक्याचा.

पैसे कमी असतील तर

कारखान्यात वापरतात तो पॉलीकार्बोनेटचा पारदर्शक सुरक्षा चष्मा हार्डवेअरच्या दुकानात फार स्वस्तात मिळतो. रंग नसला तरी तो अतिनील किरण आणि धूळ अडवतो. पावसाळ्यात आणि अंधार पडल्यावर तोच लावायचा, कारण तेव्हा काळी काच चालत नाही. वर कपाळावर सावली पडेल अशी टोपी घाला. नंबरचा चष्मा असेल तर त्यावरून बसणारा मोठा सुरक्षा चष्मा मिळतो. गॉगल मिठाच्या वाऱ्याने चिकट झाला की कोरडा पुसू नका, चरे पडतात. आधी साध्या पाण्याने धुवा.

एवढं मात्र टाळा

डोळ्यात कण गेला तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. दूध, मध किंवा कुणाचेही उरलेले थेंब घालू नका. लाली घालवणाऱ्या काही थेंबांत स्टेरॉइड असतं. डॉक्टरांना न विचारता ते वापरत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. गॉगल लावून जुना आजार बरा होत नाही. नजर धूसर झाली, डोळा दुखला, मांस बुबुळाकडे सरकलं तर आशाताईंना सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. पैशांअभावी आंधळं होऊन घरी बसायची गरज नाही.

येत्या रविवारी वंदना झाली की विहारात घराघरातले गॉगल घेऊन या, मुलांचेसुद्धा. कुणा दुकानदार भावाकडून नोटांचा दिवा तासभर मागून घ्या आणि एकेक काच तपासा. जी नापास होईल ती उन्हात लावायची नाही, मग ती कितीही महागाची असो.