शिवणवर्गातील इस्त्रीचे मेज

शिवणवर्गासाठी शिलाई यंत्रे मिळवून देण्यात आपल्या ग्रामपंचायती उत्साह दाखवितात. स्वउत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असल्याने यंत्रखरेदी सोयीचीही पडते. यंत्रांच्या वाटपाचा समारंभ करता येतो, इस्त्रीच्या मेजाचा करता येत नाही. म्हणूनच की काय, ते मागे राहून जाते. मग सनमायका लावलेल्या टेबलावर जुनी चादर पसरून काम भागविले जाते आणि गणवेश शिवून देणाऱ्या बचत गटाला ‘शिवण पक्की, पण सफाई नाही’ हा शेरा ऐकावा लागतो.

तयार कपड्यावर शेवटी इस्त्री फिरवून सफाई येत नसते. प्रत्येक शिवण, ती दुसऱ्या शिवणीखाली झाकली जाण्यापूर्वीच, उलगडून दाबावी लागते. त्यासाठी पृष्ठभाग असा हवा की तो किंचित दबेल, पण खचणार नाही आणि कापडातील वाफ शोषून घेईल. सनमायका वाफ शोषीत नाही. कापड ओलसरच उचलले जाते व दाबलेली घडी सैल पडते. कठीण पृष्ठभागावर टेरिकॉटला नको ती चकाकीही येते.

मेजासाठी सुमारे १२० सेंटिमीटर लांब, ७५ सेंटिमीटर रुंद व १८ मिलिमीटर जाडीची साधी प्लायवूडची फळी पुरते. उभ्याने काम करावयाचे असल्याने उंची ८५ ते ९० सेंटिमीटर ठेवावी. गादीसाठी फोम मात्र कदापि वापरू नये. सुती कापडासाठी इस्त्री सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. त्या उष्णतेने फोम खचतो आणि पेटल्यास विषारी धूर सोडतो. लोकर सहजासहजी पेट घेत नाही व वाफही भरपूर शोषते. त्यामुळे आपली जुनी घोंगडी येथे उत्तम. घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ दिलेली असते; ती धुऊन पूर्ण काढावी, अन्यथा वाफेने चिकटपणा व वास येतो. घोंगडीच्या दोन-तीन घड्या, दाबल्यावर सुमारे १ सेंटिमीटर जाडी राहील अशा, फळीवर ताणून खालच्या बाजूस चुका ठोकाव्यात. प्रथम समोरासमोरच्या कडांच्या मध्यावर, मग बाहेरच्या दिशेने, आणि कोपरे सर्वांत शेवटी. मधेच सुरकुती राहिली, तर ती पुढे प्रत्येक कपड्यावर उमटेल!

वरचे आवरण कोऱ्या मांजरपाटाचे असावे. मांजरपाट आटतो, म्हणून तो आधी धुऊन वाळवावा. रंगीत वा छापील कापडाचा रंग पांढऱ्या सदऱ्याला लागण्याचा धोका असतो. हे आवरण चुकांनी न ठोकता कडेने नाडी ओवून फळीखाली आवळावे, म्हणजे काढून धुता येते.

विजेकडेही लक्ष हवे. १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर सव्वाचार अँपिअरहून अधिक प्रवाह घेते. ती दिव्याच्या होल्डरमधून किंवा बारीक वायरीच्या जोडणीवरून चालवू नये; अर्थिंग असलेला तीन पिनांचा सॉकेट मेजालगतच बसवून घ्यावा. इस्त्री टेकविण्यासाठी फळीच्या एका टोकास पत्र्याचा तुकडा बसविला, की गादी करपत नाही.

बाहीचा खांदा, छातीचा उठाव असे गोलाकार भाग सपाट मेजावर नीट दाबता येत नाहीत. त्यांच्यासाठी जाड सुती कापडाची लांबट उशी शिवून तीत कोरडा लाकडी भुसा गच्च भरावा. सुतारकामाच्या कारखान्यात तो सहज मिळतो. चाळून घेतल्यास कापडाला बोचत नाही.