देवाच्या नावची जमीन

कोल्हापूर जिल्ह्यातील सात-बाराचे उतारे चाळले तर मालकाच्या जागी कोठे कोठे माणसाऐवजी देवाचे नाव आढळते. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे अंबाबाई व जोतिबा यांच्यासह तीन हजारांवर देवळांचा कारभार आहे. त्यांतील कित्येकांच्या जमिनी कुळे पिढ्यान्‌पिढ्या कसत आली. मी अशाच कसणाऱ्या घरातला, म्हणून हा विषय घेतला.

हिंदू कायद्याप्रमाणे देवाला मिळकत अर्पण करण्यास लेखी दस्त लागतोच असे नाही. दात्याचा संकल्प स्पष्ट हवा आणि त्याने स्वतःचा हक्क खरोखर सोडलेला हवा. पूर्ण अर्पण झालेली मिळकत परत मागता येत नाही. जमिनीवर केवळ पूजेच्या खर्चाचा बोजा ठेवला असेल, तर मात्र उरलेले उत्पन्न घरच्यांचे.

मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे. १९२५ च्या मलिक खटल्यात भांडण होते ते घरचा देव हलवावा की नाही याचे. प्रिव्ही कौन्सिलने देवाचे म्हणणे मांडण्यास तटस्थ माणूस नेमावा, असे सांगितले! पुजारी हा मालक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली पुन्हा बजावले. पण मला १९५६ चा देवकीनंदन खटला अधिक महत्त्वाचा वाटतो. देवस्थानाचे खरे लाभधारक मूर्ती नव्हे, भक्त होत, असे त्यात म्हटले आहे.

आता कुळाकडे वळू. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी इतर कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. देवस्थानाच्या कुळांना तो लाभ सहसा मिळाला नाही. कुळकायद्याच्या कलम ८८ ब ने सार्वजनिक पूजास्थानांच्या जमिनींना सूट दिली. या सुटीला एक अट आहे व तिची चर्चा फारशी होत नाही: जमिनीचे सर्व उत्पन्न न्यासाच्या हेतूसाठीच खर्च झाले पाहिजे.

उत्पन्नाचा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी देवस्थानांच्या उत्पन्नावर दरबारचे नियंत्रण आणून शिल्लक पैसा शिक्षणासारख्या कामाकडे वळविण्याचे धोरण घेतले. कुळाच्या घामाचा पैसा शाळेत गेला तर तक्रार कोण करील? तो मधल्यामध्ये जिरला तर सुटीला आधार उरत नाही, असे माझे मत आहे.

नोंदलेल्या न्यासाचे हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात. देवळात नेहमी दर्शनाला जाणारा साधा भक्तही कायद्याने ‘हितसंबंधी व्यक्ती’ ठरतो आणि चौकशी मागू शकतो. म्हणजे खंड भरणारे कूळही, ते त्या देवाला जात असेल तर.