खरेदीतील शहाणपण

मुंबईतील करी रोड, लालबाग, परळ हा परिसर गिरणगाव म्हणून ओळखला जाई. कोकण, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेले हजारो कामगार येथील कापडगिरण्यांत राबत. त्यांपैकी पुष्कळांची कुटुंबे गावीच असत. अशा कामगारांना चाळीतील एखादी कष्टाळू स्त्री दोन वेळा रांधून वाढी. तिला खाणावळवाली म्हणत. एका खोलीत इतक्या माणसांचा स्वयंपाक करणे अवघड खरेच. पण तिची खरी कसोटी लागे ती वाण्याच्या दुकानात.

कामगार जेवणाचे पैसे पगार झाल्यावर देत. तांदूळ, डाळ व तेल मात्र रोज लागे. हाती भांडवल नसल्यामुळे ती उधारीवर माल घेई. उधारीच्या गिऱ्हाइकाला भावाची घासाघीस करता येत नाही. डाळीत खडे निघाले तरी मुकाट्याने निवडावे लागतात. बाकी चुकती होईपर्यंत दुसरे दुकानही धरता येत नाही. अडचण वाढली की अंगावरचा दागिना सावकाराकडे जाई.

या व्यवहारात किती तोटा होतो, ते हिशेबाने पाहू. समजा, घाऊक बाजारात रोखीने तांदूळ क्विंटलला ४,००० रुपयांस मिळतो आणि उधारीवर किलोला ४६ रुपये पडतात. महिन्याला २ क्विंटल तांदूळ लागत असेल, तर रोखीने ८,००० आणि उधारीने ९,२०० रुपये होतात. हमाली व गाडीभाडे ३०० रुपये धरले, तरी ९०० रुपये वाचतात. हा झाला एकट्या तांदळाचा हिशेब!

१९७५ साली प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले. १९६९ साली मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. त्यामुळे गरिबांनाही बँकेचे दार ठोठावता येऊ लागले. आरंभी १४ खाणावळवाल्या कर्ज घेण्यास पुढे आल्या. तारण ठेवण्यास त्यांच्यापाशी फारसे काही नव्हते. एकमेकींचा विश्वास हीच त्यांची पत ठरली. हाती रोख पैसा येताच चार दुकानी भाव विचारण्याचा हक्क त्यांना मिळाला.

तथापि, केवळ पैसा हाती असून भागत नाही. माल पारखण्याची दृष्टीही हवी. पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यांवर न भुलता तळातील मूठभर दाणे पाहावेत. वजन करताना बारदानाचे वजन वजा करून घ्यावे. जुना तांदूळ थोडा महाग असतो, पण शिजल्यावर अधिक फुगतो. म्हणून दर किलोमागे न पाहता ताटामागे पाहावा. लालबागच्या बाजारात मिरची घ्यायची ती उन्हाळ्यात, कडकडीत वाळलेली. ओलसर मिरची वजनात भरते आणि पुढे बुरशी धरते.

स्वस्ताईचा मोहही आवरावा लागतो. पावसाळ्याच्या तोंडी गरजेहून अधिक डाळ भरून ठेवली, तर तिला कीड लागते आणि पैसाही अडकून पडतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे येथेही खरे. एकटीला पोते जड होत असेल, तर तिघींनी मिळून घ्यावे व वाटून न्यावे. कोणता माल किती आणला, किती दिवस पुरला, हे वहीत टिपावे. पुढील खरेदीला त्याहून चांगला सल्लागार नाही.

१९८२ च्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. धान्याचा घाऊक बाजारही मस्जिद बंदराजवळून नवी मुंबईस गेला. परंतु पोळीभाजी विकणारी स्त्री असो की छोटा दुकानदार, त्यांचा प्रश्न तोच आहे. विक्रीचा भाव गिऱ्हाइकाच्या ऐपतीने ठरतो. तो हवा तसा वाढवता येत नाही. खरेदी मात्र बरीचशी आपल्या हाती असते. तेथे जो जागा राहतो, त्याच्याच श्रमाचे चीज होते.