बल आणि संयम

गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी करणारे शेतकरी बांधीतील चिखलात तोल सांभाळून उभे राहतात. मल्लविद्येचा पहिला पाठही हाच आहे. प्रतिस्पर्धी जोराने रेटू लागला, म्हणजे कुशल मल्ल किंचित बाजूस सरतो व त्याच्याच जोराने त्याला खाली आणतो.

परंतु एवढ्याने ही विद्या पूर्ण होत नाही. आखाड्यात उतरताना मल्ल तेथील माती कपाळी लावतो आणि प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवितो. समोरच्या गड्यावाचून आपले बल आपणांस कसे कळणार? जो रागाने अंध होतो, त्याचा तोलही लवकर जातो.

याच विदर्भात, अमरावती येथे, १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले. १९३६ मध्ये ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी मंडळाच्या खेळाडूंनी बर्लिन येथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली.

मुलांनो, दुर्बळाने हात आवरला, तर त्यास कोणी संयम म्हणत नाही. म्हणून आधी बल मिळवावे. ते मिळाल्यावर दुर्बळावर हात न उगारणे, हे त्याहून कठीण काम आहे. त्याचा सराव मात्र आखाड्याबाहेर, रोजच्या वागण्यात करावा लागतो.