आडनावातले एक अक्षर

१८८० ते १९२४ या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन माणसे अमेरिकेत गेली. त्यांतील बहुतेक सिसिली, कालाब्रिया, नेपल्स अशा दक्षिण भागांतील शेतकरी व मजूर होते. घरी जमीन अपुरी आणि करांचा बोजा जड. १९२४ साली अमेरिकेने कायदा करून हा ओघ जवळजवळ थांबवला.

या काळात दोन्ही बाजूंनी देवघेव झाली. इटलीच्या गरीब खेड्यांत मांस सणासुदीलाच मिळे. अमेरिकेत ते स्वस्त होते. म्हणून स्पॅगेटीवर मांसाचे मोठे गोळे आले आणि हा पदार्थ ‘इटालियन’ म्हणून अमेरिकाभर पसरला. मायदेशी परतणाऱ्यांनी पैशांबरोबर शब्दही नेले. घरामागच्या संडासाला इंग्रजीत ‘बॅक हाऊस’ म्हणत. सिसिलीत त्याचे ‘बाकाउसु’ झाले!

शाळेत मात्र ही देवघेव एकतर्फी होती. लिओनार्ड कोव्हेलो यांचे उदाहरण पाहू. वडील आधीच न्यूयॉर्कला गेले होते. १८९६ साली आई मुलांना घेऊन तेथे पोहोचली. शाळेने दिलेले ओटचे पोहे लिओनार्डने घरी नेले, तर वडिलांना ते जनावरांचे खाद्य वाटले. मूळ आडनाव ‘कोव्हिएलो’. उच्चाराला सोपे जावे म्हणून शाळेत त्यातले एक अक्षर गाळले गेले. आईवडील दुखावले. मुलांना मात्र हळूहळू आईवडिलांच्या भाषेचीच लाज वाटू लागली.

हाच मुलगा पुढे शिक्षक झाला. इटालियन भाषेला न्यूयॉर्कच्या माध्यमिक शाळांत इतर परकीय भाषांच्या बरोबरीचे स्थान मिळावे म्हणून त्यांनी खटपट केली. १९२२ साली ते मिळाले. १९३४ ते १९५६ ते ईस्ट हार्लेममधील बेंजामिन फ्रँकलिन शाळेचे मुख्याध्यापक होते. तेथे त्यांनी पालकांना आणि वस्तीला शाळेच्या कामात सामील करून घेतले.

आपणही घरी मराठी आणि बाहेर दुसरी भाषा बोलतो. बाहेरची भाषा उत्तम यायलाच हवी. पण त्यासाठी घरची भाषा लपवावी लागत नाही, हे कोव्हेलो सरांकडून आपण शिकावे. पालकांनीही मुलांसमोर आपल्या बोलीला हसू नये, ही विनंती.

स्वाध्याय
१. आजी-आजोबांना विचारा : आपले घराणे येथे कधी व कशासाठी आले?
२. घरात रोज वापरले जाणारे, पण येथील भाषेतून आलेले पाच शब्द लिहून आणा.