चाकें न सोडतां उतरलेलें विमान

सातारा जिल्ह्यांत कऱ्हाडजवळ विमानतळ आहे व सांगलीजवळ कवलापूर येथें जुनी धावपट्टी आहे. त्यामुळें विमानाचा विषय आपल्या विद्यार्थ्यांस परका नाहीं. विमानाच्या अपघातांत एक प्रकार असा आहे कीं, यंत्र निर्दोष असतें, हवा स्वच्छ असते, वैमानिकही अनुभवी असतो, आणि तरीही विमान धावपट्टीवर पोटानें घासत जातें. चाकें खालीं सोडावयाचीं राहून गेलीं, इतकेंच त्याचें कारण. ह्याच प्रकाराचा आम्ही येथें विचार करणार आहों.

पुष्कळशा शिकाऊ विमानांचीं चाकें कायमचीं खालीं जडविलेलीं असतात. तेथें ही चूक संभवत नाहीं. परंतु उघड्या चाकांस हवेचा विरोध होतो. म्हणून अधिक वेगाच्या लहान प्रवासी विमानांत उड्डाण होतांच चाकें आंत ओढून घेतात व उतरण्यापूर्वीं पुनः सोडतात. तीं पक्कीं बसलीं म्हणजे बहुधा तीन हिरवे दिवे लागतात. वर राहिलीं असतां इंजिनाचा जोर कमी केल्यास भोंगा वाजतो.

मग विसर कां पडतो? नेमक्या त्याच वेळीं नियंत्रण-कक्षाकडून निराळी सूचना येते, किंवा दुसरें विमान समोर दिसतें. हातचें काम थांबतें. मन पुढें धांवतें, आणि चाकें सोडल्याचा खोटा भरंवसा मागें राहतो. गुंतलेल्या मनास भोंगाही ऐकूं येत नाहीं. २२ मे २०२० रोजीं कराची येथें एक मोठें प्रवासी विमान घाईनें उतरतांना इशारे वाजत असूनही चाकांवांचून धावपट्टीस टेकलें. इंजिनें घासलीं असतां तें पुनः वर उडालें. थोड्याच वेळांत दोन्ही इंजिनें बंद पडून तें वस्तीवर कोसळलें व विमानांतील ९९ पैकीं ९७ माणसें दगावलीं. पोट जमिनीस लागल्यावर पुनः उडूं नये, असें म्हणतात तें ह्यामुळेंच.

याउलट, संकट आधीं कळलें तर तें पुष्कळदां आटोक्यांत येतें. ६ मे २०२१ रोजीं रुग्ण घेऊन निघालेल्या एका लहान विमानाचें एक चाक नागपुरास उड्डाणाच्या वेळीं गळून पडलें. वैमानिकानें मुंबईस चाकें न सोडतां पोटावरच विमान उतरविलें. धावपट्टीवर आधींच फेस पसरला होता. आंतील पांचही जण सुखरूप राहिले.

यावर उपाय दोन. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे वैमानिक उतरल्यावर पंखांच्या झडपा मिटण्याऐवजीं चाकेंच ओढून घेत. चाकांची व झडपांची कळ शेजारीं व सारखीच होती, हें अल्फोन्स चपॅनिस ह्या मानसशास्त्रज्ञानें ओळखलें, आणि एका कळीस चाकाचा व दुसरीस पाचरीचा आकार दिला. दुसरा उपाय यादीचा. ह्याच विमानाचा पहिला नमुना ३० ऑक्टोबर १९३५ रोजीं कोसळला, कारण सुकाणूंचा अडसर काढावयाचा राहिला होता. वैमानिक निष्णात होता. तेव्हांपासून कामांची यादी वाचून तपासण्याची शिस्त रूढ झाली.

विद्यार्थ्यांनो, यादी केवळ नवशिक्यासाठीं नसते. ज्यास काम अगदीं सवयीचें झालें आहे, त्याचाच हात न पाहतां पुढें जातो. म्हणून अनुभवी वैमानिकही प्रत्येक वेळीं ‘चाकें खालीं, तीन हिरवे’ असें मोठ्यानें म्हणतो, व म्हणतांना दिव्यांकडे पाहतो.